पंचवीसच्या वर एकही नाही

कात्र्यांच्या कारखान्यात भोंगा पाचला व्हायचा, पण जुळणीच्या खोलीतलं काम तीनलाच संपायचं. आता तुम्ही म्हणाल, मग तीन ते पाच ही माणसं करायची काय? काम केल्यासारखं करायची. हे खऱ्या कामापेक्षा अवघड असतं, करून बघा. हातोडी उचलायची पण मारायची नाही, कानस फिरवायची पण घासायची नाही, आणि दारात कुणी आलं की कपाळावरचा घाम पुसायचा. घाम आणायचा कुठून, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

याला कारण मामा. मामा युनियनचा सेक्रेटरी. त्याच्या सख्ख्या भाच्यांना तो एवढा मामा वाटला नसेल जेवढा कारखान्यातल्या साठ माणसांना वाटायचा. वीस वर्षांपूर्वी त्याने करार करून घेतला होता की जुळणीवाल्याने दिवसाला पंचवीस कात्र्या करायच्या, पंचवीसच्या वर एकही नाही.

ही जुळणी म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर पुढे घोडं अडेल. शिंप्याच्या मोठ्या कात्रीची पाती भट्टीतून आणि सहाणेवरून तयार होऊन येतात, पण कुठलंही पातं कुठल्याही पात्याशी नांदत नाही. जुळणीवाला दोन पाती हातात घेतो, डोळ्यासमोर धरतो, एकाला हलकेच ठोकून बाक देतो, स्क्रू बसवतो, उघडतो, मिटतो, कान देतो. आवाज एका सुरात टोकापर्यंत गेला तर कात्री झाली. मध्येच कचकन झालं तर पुन्हा पहिल्यापासून. ज्या पात्यांना जोडीदार मिळत नाही, ती उरलेल्यांच्या डब्यात पडतात आणि पुन्हा भट्टीत जातात.

थोरले मालक होते तेव्हा ही मंडळी आपखुशीने तीस करायची. मालकांनी तीस हाच नियम केला. मग बक्षिसाच्या आशेने पस्तीस करू लागली, तर दोन महिन्यांत बक्षीस गेलं आणि पस्तीस राहिले. थोरले मालक वाईट नव्हते, पण बोट दिलं की मनगट धरायचे. तेव्हा मामाने नऊ दिवस कारखाना बंद ठेवला आणि पंचवीसवर सही घेतली. तेव्हापासून दारामागच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे रोज पंचवीस लागायचे. एकदा त्याच्या मेव्हण्याने, तो तेव्हा जुळणीत होता, चुकून सव्वीस लिहिले, तर मामा त्याच्याशी पंधरा दिवस बोलला नाही. बायकोच्या भावाशी अबोला धरून त्याच बायकोच्या हातचं जेवायला काळीज लागतं, पण मामाने ते केलं.

एवढा कडक माणूस, आणि गेले दोन महिने तो स्वतःच करार मोडत होता.

झालं असं की जुळणीच्या खोलीत सात माणसं, आणि सातातले सर्वांत जुने वस्ताद. बाकीच्या सहा जणांना हातोडी कशी धरायची हे त्यांनीच शिकवलेलं. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी वस्ताद खडू घेऊन फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि आपल्या नावापुढे त्यांनी एकवीस लिहिले. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. खोलीतल्या सगळ्यांना एकदम आपापल्या चपला शोधायची घाई झाली.

मामा त्या संध्याकाळी नीट जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तीनच्या आधी आपल्या पंचवीस उरकल्या आणि उरलेल्यांच्या डब्यातली पाती उचलून आणखी चार कात्र्या जुळवल्या. वस्ताद लघवीला उठले, तसं इकडेतिकडे बघून त्याने त्या चार कात्र्या वस्तादांच्या ट्रेमध्ये सरकवल्या. संध्याकाळी वस्तादांनी ट्रे मोजला आणि फळ्यावर पंचवीस लिहिले. मामाच्या छातीवरचा दगड उतरला. त्या दिवसापासून रोज चार. वस्तादांना हल्ली सारखं उठावं लागायचं, त्यामुळे संधीला तोटा नव्हता. हे फक्त त्याला आणि त्याच्या मनाला ठाऊक होतं. निदान त्याची तशी समजूत होती.

आणि अशात एका सोमवारी धाकट्या बाईंनी मामाला केबिनमध्ये बोलावलं.

धाकट्या बाई म्हणजे थोरल्या मालकांची मुलगी. वय चाळीस, पण कारखान्यात त्या धाकट्याच राहणार. वडील गेल्यावर वर्षभरापूर्वी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी टेबलावर एक कात्री ठेवली. चकचकीत, लाल मुठीची.

"बाहेरून बोटीने येते," त्या म्हणाल्या. "आपल्या एका कात्रीच्या पैशात तीन येतात. बघा."

मामाने कापडाचा तुकडा घेतला, कापून पाहिला. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं.

"आज तर बरी कापतेय," तो म्हणाला. "सहा महिन्यांनी कापड चावेल. हिला धार लावता येत नाही, स्क्रूच उघडत नाही हिचा."

"तेच मी त्या शिवणशाळांच्या माणसाला सांगितलं, आणि पटलंही त्याला. पाच हजार कात्र्या हव्यात, चोवीस दिवसांत. पण एकही कमी चालणार नाही, नाहीतर सगळी ऑर्डर या लालवाल्यांना. मामा, सात माणसं, रोज पंचवीस, चोवीस दिवस. हिशेब करा."

मामाने मनातल्या मनात केला. चार हजार दोनशे. आठशे कमी.

"तीस करा," बाई म्हणाल्या. "तीस केल्या तर बसतं. आणि नाही बसलं तर मी तरी काय करू? मलाच बाहेरून कात्र्या आणून त्यांवर आपलं नाव ठोकून विकावं लागेल. मग जुळणी कशाला, आणि भट्टी तरी कशाला? मला ते नको आहे, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"आणि ज्याला तीस जमणार नाहीत?"

"त्याला मानाने घरी बसवू. पूर्ण पगार देऊन निरोप देऊ. पण जागा अडवून कुणी बसायचं नाही." मग कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, "एक मात्र कळत नाही. दोन महिने झाले, भट्टीत परत जाणारी पाती निम्म्यावर आलीत. तुम्ही काही वेगळं करताय का?"

"नाही बुवा," मामा म्हणाला आणि उठला.

मामाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. तीसला हो म्हणावं, तर आपल्याच तीस करता करता नाकी नऊ येणार, वस्तादांच्या ट्रेमध्ये टाकायला चार कुठून आणायच्या? म्हणजे पहिल्याच संध्याकाळी फळ्यावर एकवीस, आणि महिनाअखेर वस्तादांच्या गळ्यात हार. नाही म्हणावं, तर साठ घरांच्या चुली.

मामाची बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. तिला अर्थातच सगळे मामी म्हणायचे. संध्याकाळी घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि मामा येरझारा घालत होता.

"बसा हो जरा. फरशी झिजेल," मामी म्हणाली.

मामाने शेवटी सगळं सांगितलं. रोजच्या चार कात्र्यांचंही. सांगताना त्याची मान खाली होती, कारण वीस वर्षं घरात पंचवीसचं कौतुक ऐकवून झालं होतं.

मामीने घडी तशीच धरली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"हसतेस काय? इथे माझा जीव चाललाय."

"हसत नाहीये. तुम्ही वस्तादांशी बोला की सरळ."

"काय बोलू? की वस्ताद, तुमचे पंचवीस खोटे आहेत? त्या माणसाने मला हातोडी धरायला शिकवली गं. दोन महिने तो ताठ मानेने फळ्यापाशी जातोय. त्याच्या मानेवर मी हात ठेवू?"

"मग उद्याच्या मीटिंगमध्ये काय सांगणार?"

"नाही म्हणून सांगणार. करार म्हणजे करार."

"आणि कारखाना?"

मामा पुन्हा येरझारा घालू लागला. मामी उठून आत गेली आणि आत जाऊन बराच वेळ खोकली. खोकला कसला, हसू दाबत होती ती, पण मामाला आपल्याच दुःखात ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मीटिंग पॅकिंगच्या गोदामात भरली, कारण साठ माणसं मावतील एवढी तीच जागा. मामा नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीपाशी लाकडी खोक्यावर बसला. खोक्यांवर खडूने 'जुने स्क्रू' लिहिलं होतं. गेल्या काही आठवड्यांपासून ती खोकी तिथे वाढत चालली होती आणि मामाला त्यांवर बसून डबा खायची सवय लागली होती. उंची अगदी बेताची होती.

मामाने उभं राहून ऑर्डरचं सांगितलं, लाल मुठीचं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "माझं मत, नाही म्हणायचं. आज तीस केले की उद्या तेच नियम होतील. आपण हे एकदा भोगलंय."

"तेव्हा ती बोटीची कात्री नव्हती, मामा," जावई म्हणाला. जावई हा जुळणीतला सर्वांत फटकळ माणूस. कुठेही गेला तरी पहिली खुर्ची आणि पहिला चहा त्यालाच लागायचा, म्हणून हे नाव. "करार सांभाळता सांभाळता कारखानाच गेला तर करार काय घरी भिंतीला लावायचा?"

भट्टीवाल्यांनी माना डोलावल्या. मामाला घाम फुटला, आणि हा घाम खरा होता.

"मग तू करशील तीस?" त्याने विचारलं.

जावयाने मान खाजवली. त्याने तिरक्या नजरेने वस्तादांकडे पाहिलं आणि पुटपुटला, "माझं एक वेळ सोडा. पण सगळ्यांना... म्हणजे, तीस नकोतच म्हणा." आत्तापर्यंत तावातावाने बोलणारा माणूस असा शेपूट घालून बसला, तेव्हा भट्टीवाले चक्रावले. बरं, जुळणीच्या बाकीच्या चौघांनीही लगेच "नकोच, नकोच" सुरू केलं. सगळे जण जमिनीकडे बघत होते. मामाला वाटलं, आपला दरारा अजून आहे म्हणायचा.

तेवढ्यात वस्ताद उठले.

"मला काही सांगायचंय," ते म्हणाले. "तुम्ही तीसवर भांडताय. माझ्या ट्रेमध्ये रोज पंचेचाळीस निघतात."

भट्टीवाले एकमेकांकडे बघू लागले. मामाने मनातल्या मनात एकवीस आणि चार मिळवून पाहिले. पंचवीसच आले.

"करार पंचवीसचा. मग फळ्यावर पंचवीस लिहायचे आणि वरच्या वीस मामीकडे द्यायच्या. मामी त्या तेलकागदात गुंडाळून ठेवते. मामा, तू जरा उठतोस का त्या खोक्यावरून?"

मामा उठला. वस्तादांनी झाकण उचललं. आत तेलकागदाच्या पुड्या ओळीने लावलेल्या होत्या. 'जुने स्क्रू' लिहिलेली अठरा भरलेली खोकी, प्रत्येकात पन्नास, आणि एकोणिसाव्यात वीस. नऊशे वीस कात्र्या. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते ऐकलं असेल, पण इथे सेक्रेटरीसाहेब महिनाभर कळशावर बसून डबा खात होते.

मामाने एक पुडी सोडली. कात्री उघडून मिटली आणि आवाज ऐकला. सुरुवात दमदार, मध्ये किंचित घाई. ही जावयाची. त्याने दुसरी उघडली. ही जुळणीतल्या बुटकीची, ती स्क्रू नेहमी अर्धा आटा जास्त आवळते. तिसरी त्याची स्वतःची. त्याने वर पाहिलं. जावयाच्या हातात एक कात्री, बुटकीच्या हातात एक, बाकीच्यांच्या हातात एकेक, आणि सहाही जण एकमेकांकडे अशा तोंडाने बघत होते की जशी आंब्याच्या झाडावर सहा चोरांची रात्री गाठ पडावी. प्रत्येकाने त्या संध्याकाळी एकवीस वाचले होते. प्रत्येकाने चारचा हिशेब केला होता. सहा चोक चोवीस हा हिशेब मात्र कुणीच केला नव्हता.

"तुला ठाऊक होतं?" मामाने मामीला विचारलं.

"मला वस्तादांनी शपथ घातली होती," मामी म्हणाली. "आणि तुम्ही काय एकटे होतात? जावई येऊन म्हणाला, मामी, माझ्या चार कात्र्या इकडच्या तिकडे झाल्या तर बोलू नका. मग बुटकी आली. मग हे बाकीचे एकेक करून. फक्त घरचा माणूस तेवढा दोन महिने तोंडाला कुलूप लावून होता. मी म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय." आणि आता मात्र तिने हसू दाबलं नाही. ती खोक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचं बघून बुटकी हसली, आणि मग सगळं गोदामच. काय झालंय हे निम्म्यांना कळलं नव्हतं, पण हसू काही कारण विचारून येत नाही.

तो गलका ऐकून धाकट्या बाई दारात आल्या. त्यांनी खोकी पाहिली. दोन-चार पुड्या सोडल्या, खिशातल्या रुमालाचा कोपरा कापून पाहिला. मग त्या मामाकडे वळल्या.

"म्हणजे पंचवीसच्या वर होतं तर."

मामाला कळलं की आता खरी परीक्षा आहे. वीस वर्षं जे झाकून ठेवलं ते उघड्यावर पडलं होतं. पण लपवायलाच काही उरलं नाही, की माणसाची भीड चेपते.

"होतं, बाई. नेहमीच होतं," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांना जेव्हा जेव्हा दाखवलं, तेव्हा तेव्हा त्यांनी तोच नियम केला. मग आम्ही दाखवायचं बंद केलं. रोज दोन तास सात माणसं हातोडी हवेत धरून बसतात. त्याची लाज आम्हालाच जास्त वाटते."

बाईंनी हातातली कात्री पुन्हा तेलकागदात गुंडाळली. मग त्या खोक्यावर बसल्या, मामाच्याच.

"आणि मी विचार करत होते की भंगार कमी कसं झालं," त्या म्हणाल्या. "ज्या पात्यांना मी वितळवायला पाठवते त्यांच्यातून तुम्ही या काढल्यात. बोटवाल्याकडे असली माणसं असती तर मी धंदा कधीच बंद केला असता. बोला, काय हवंय?"

मामाला जे हवं होतं ते त्याने वीस वर्षं मनात घोळवून ठेवलं होतं, त्यामुळे अडखळायला झालं नाही. पंचवीस तेवढेच राहतील. वरच्या प्रत्येक कात्रीला वेगळे पैसे. वर कितीही झाल्या तरी पंचवीसचा आकडा युनियनच्या सहीशिवाय हलणार नाही. आणि पंचवीस ज्याला जमत नाहीत, त्याला घरी बसवायचं नाही, त्याला जमेल ते काम शोधायचं. बाई शेवटच्या कलमापाशी थांबल्या.

"मी कालच उलटं बोलले होते, नाही का?"

"हो," मामा म्हणाला. "पण कालची गोष्ट कालच्याजवळ राहू दे."

"तुमच्याकडे असं काम आहे?"

"आहे. या बोटीच्या कात्रीला एकच गोष्ट मिळत नाही. ती मिटताना ऐकणारं कुणी नसतं. पॅकिंगला जायच्या आधी आपली प्रत्येक कात्री कुणीतरी एकदा उघडून, मिटून ऐकावी. हात थरथरला तरी कानाला काही होत नाही."

जवळ कोरा कागद नव्हता, म्हणून मामीने तेलकागद दिला. त्यावर पेन उमटेना, तेव्हा खोक्याच्या झाकणावरच खडूने चारही कलमं लिहिली आणि दोघांनी त्यावर सह्या केल्या. टाइप केलेली प्रत नंतर झाली, पण युनियनच्या कपाटात आजही ते झाकणच आहे.

जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा मामा वस्तादांना गोदामाच्या कोपऱ्यात घेऊन गेला.

"वस्ताद, राग नाही ना आला? आम्ही तुम्हाला फसवलं."

"तुम्ही?" वस्ताद म्हणाले. "अरे, तुमचे हात मी घडवलेत. तुमची कात्री मी झोपेतही ओळखीन. पहिल्याच दिवशी ट्रेमध्ये सहा आवाजांच्या कात्र्या निघाल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"सहा जण एवढ्या मायेने आपापलं गुपित सांभाळत होते. मी एकटा ते फोडून काय मिळवणार होतो? आणि मी दिवसातून सहा वेळा उठायचो ते काय मला तेवढ्यांदा लागायचं म्हणून? तुम्हाला ठेवायला सवड नको?"

मामाने कपाळावर हात मारून घेतला.

"एकवीस लिहिले त्या दिवशी मला वाटलं होतं, संपलं आपलं," वस्ताद सावकाश म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ट्रे भरलेला बघितला आणि घरी जाऊन मी लहान पोरासारखा रडलो. मग ठरवलं, ह्या कात्र्या वाया जाऊ द्यायच्या नाहीत. तुम्हाला कधीतरी लागतील."

मामाने वाकून त्यांचे दोन्ही हात धरले. उजवा त्याच्या हातातही थरथरत होता. तो तसाच उभा राहिला, भोंगा होईपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून वस्तादांची खुर्ची पॅकिंगच्या दारात आली. सातही ट्रे एकत्र त्यांच्यापुढे यायचे, सातवा म्हणजे मामाच्या मेव्हण्याचा, त्याला भट्टीवरून पुन्हा जुळणीत, वस्तादांच्या रिकाम्या टेबलावर आणलं होतं. ते प्रत्येक कात्री कानाशी धरायचे, उघडायचे, मिटायचे. तीन वाजले, चार वाजले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा जुळणीच्या खोलीत हातोड्या खरोखर वाजत राहिल्या. पाचला फळ्यावर आकडे चढले. जावयाचे एकतीस, बुटकीचे तीस, मेव्हण्याचे सव्वीस. मेव्हण्याने सव्वीस लिहून मागे वळून पाहिलं, आणि मामा त्याच्याकडे बघून हसला.

मग वस्तादांनी मामाचा ट्रे पुढे ओढला. तीस होत्या त्यात. वस्तादांनी एक कात्री कानाशी धरली, पुन्हा धरली, आणि बाजूला काढली. मग आणखी एक. मग आणखी.

"शेवटच्या इंचाला घासतेय," ते म्हणाले. "तीस वर्षं सांगतोय तुला, मनगट ढिलं सोड."

"वस्ताद, सहा बाद?"

"सहा बाद."

मामाने फळ्यावर आपल्या नावापुढे चोवीस लिहिले. खोलीतल्या सगळ्यांना एकदम आपापल्या चपला शोधायची घाई झाली. भोंगा झाला होता, पण मामा परत आपल्या टेबलाशी बसला, बाद झालेल्या सहा पुढे ओढल्या आणि पहिलीचा स्क्रू सैल केला. मामीने दारातून पाहिलं, त्याचा रिकामा डबा आपल्या पिशवीत टाकला आणि वस्तादांशेजारी खोक्यावर बसून त्याची वाट बघू लागली.